नऊ नंबरचा खड्डा

फुर्नश, गुरुवार, १९ एप्रिल २०१८

बेल्मीरू,

गेल्या रविवारी तुझी व्हॅन आपल्या दारावरून दोनदा गेली. सव्वाअकराला तळ्याकडे चढताना आणि पाऊणला गावात उतरताना. दोन्ही वेळा आई ओसरीत बसली होती. चढताना आपली ओसरी उजव्या हाताला येते आणि तू उजव्या खिडकीशी बसला होतास. मी चौकशी केली आहे.

बावीस वर्षांनी बेटावर आलास तो जहाजातून, एका दिवसाचा पाहुणा म्हणून! सकाळी आठला पोंता देल्गादाच्या धक्क्यावर उतरलास आणि 'ज्वालामुखी व गरम झरे, एक दिवस, जेवणासह' अशी पाटी धरून उभ्या असलेल्या बाईच्या मागे रांगेत उभा राहिलास. ही सहल तू स्वतः दहा वर्षं लोकांना घडवलीस. बाबा व्हॅन चालवायचे आणि तू बोलायचास. आता तीच सहल अमेरिकेतल्या फॉल रिव्हरहून येऊन ऐकावीशी वाटली? काही विसरला होतास का?

डोंगरमाथ्यावरच्या आगीच्या तळ्यावर धुकं होतं. कोणालाच काही दिसलं नाही, तरी सगळ्यांनी फोटो काढले. तू काढला नाहीस. गरम धबधब्यात बाकीचे उतरले, तू बाकावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळलेस. चहाच्या मळ्यात दोन कप प्यालास. गावात उकळत्या झऱ्यावरून कणीस घेतलंस आणि दोन दाणे खाऊन वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवलंस. मग तळ्याकाठी गेलास, बारा वाजता जमिनीच्या वाफेवर शिजलेल्या टोपांचे खड्डे उघडताना पाहायला. एवढं सगळं मला कसं माहीत? तुमची गाइड वान्दा माझ्या हाताखाली शिकलेली आहे. माणसं मोजताना चेहरे लक्षात ठेवायचे, हे मीच तिच्याकडून घोटून घेतलं आहे.

आता मला संशय कशावरून आला तेही सांगते, म्हणजे 'मी नव्हतोच' म्हणायची सोय तुला उरणार नाही.

आई अजून दर रविवारी टोप लावते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. उजवा डोळा गेला, डाव्याने समोरचा माणूस कळतो, तोही नीट जवळ आला तर. तरी शनिवारी मांस, कोबी, आळकुड्या, रक्ताची सॉसेजं सगळं स्वतः रचते, आणि तळाशी लवंगा टोचलेलं ते अख्खं सफरचंद. मी पहाटे टोप तळ्यावर नेऊन नऊ नंबरच्या खड्ड्यात उतरवते. दुपारी खड्डे सांभाळणारा तिबुर्सियू तो घरी पोचवतो. या रविवारी वाफ फार होती. कोणाच्या तरी नावाची पाटी मातीच्या ढिगावरून घसरून दुसऱ्या ढिगावर गेली आणि तिबुर्सियूने खानावळीचा टोप आपल्याकडे आणला.

पहिल्या घासाला आईने चमचा खाली ठेवला.

"हा माझा नाही."

"तुझाच आहे. तिबुर्सियूने स्वतः काढला."

"तिबुर्सियूला माझ्याइतकंच दिसतं. सफरचंद कुठे आहे?"

चार वाजता खानावळीची बाई आईचा टोप परत घेऊन आली. रिकामा, घासलेला, फडक्यात बांधलेला. चूक झाली म्हणून चार वेळा माफी मागून गेली. आईने फडक्यावर हात फिरवला. दोरीवर बोटं आली तशी थांबली. ती गाठ ती किती वेळ चाचपत होती! मग म्हणाली, "बेल्मीरू येऊन गेला."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. ती गाठ मी बांधली आहे, सकाळी."

"तू बांधलेली चाकूने कापावी लागते, इदालिया. ही जसिंतूची आहे."

तिने दोरीचं टोक ओढलं. एका झटक्यात सुटली. बाबांची गाठ, रिबेइरा केंतच्या कोळ्यांची. ती त्यांच्यानंतर एकाच माणसाला येते.

सोमवारी मी वान्दाला गाठलं. ती म्हणाली, "हो दोना इदालिया, होते एक गृहस्थ. अमेरिकेतले, पण आपल्या इथलं बोलणारे. जेवताना ताटात सफरचंद आलं तेव्हा काटा ठेवून बसून राहिले. मग सगळं खाल्लं, बीसुद्धा. नंतर स्वयंपाकघरात गेले आणि टोप मीच घासतो म्हणाले. खानावळवाल्या हसल्या. मी म्हटलं, घासू दे, मोठ्या माणसांची हौस असते."

म्हणजे आपल्या आईचा टोप व्हॅनमध्ये तुझ्या पायाशी ठेवून तू तिच्याच दारावरून उतरलास, ते तेव्हा तुला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण जेवल्यावर माहीत होतं. जेवणानंतर तुम्हाला चाळीस मिनिटं मोकळी मिळाली. खानावळीपासून आपलं घर पंधरा मिनिटांवर आहे. तू टोप घासलास आणि जहाजावर परत गेलास.

'आई असेपर्यंत या दारात पाय ठेवू नकोस', असं मी तुला बाबांच्या मातीच्या दिवशी म्हटलं होतं. मला पाठ आहे. पण ते मी म्हटलं होतं. आईने नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय, नाताळनंतर तिला फक्त उजेड आणि अंधार कळेल. तुझा चेहरा तिला एकदा बघायचा आहे, बस. तिने मला तसं सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजते आणि मग रस्त्याकडे बघत बसते. मला कळतं.

उत्तर दे.

इदालिया


फुर्नश, बुधवार, २५ एप्रिल

बेल्मीरू,

पहिलं पत्र तुला अजून पोचलंही नसेल. पण वान्दा काल परत आली आणि गप्प बसणं मला जमलेलं नाही.

ती दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"दोना इदालिया, एक सांगायचं राहिलं. मी त्या दिवशी तळ्याकाठी नेहमीसारखी ती गोष्ट सांगितली. दोरीची."

"मग?"

"ते गृहस्थ सगळ्यांच्या मागे उभे होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, त्या गाइडचं नाव काय होतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाव आम्ही घेत नाही, आमच्या एका मोठ्या बाईंचा भाऊ होता. तर ते म्हणाले, 'गोष्ट चांगली सांगतेस, पोरी. कोणी शिकवली?' आणि मी तुमचं नाव सांगितलं."

मी वान्दाला रागावले नाही. तिचा काय दोष? ती गोष्ट या बेटावर प्रत्येक गाइड सांगतो. 'एकदा एक गाइड प्रवाशांना खूश करायला धोक्याच्या जमिनीभोवतीची दोरी ओलांडून आत घेऊन गेला. एक प्रवासी घोट्यापर्यंत रुतला. गाइडच्या म्हाताऱ्या वडिलांनी धावत जाऊन त्याला बाहेर ढकललं आणि स्वतः मांडीपर्यंत उकळत्या चिखलात गेले. नवव्या दिवशी लिस्बनमध्ये वारले. म्हणून दोरी म्हणजे दोरी.' ती ऐकल्यावर एकही माणूस दोरीला हात लावत नाही. लहान मुलंसुद्धा आयांचे हात घट्ट धरतात. बावीस वर्षांत तळ्याकाठी एकालाही भाजलेलं नाही, हे त्या गोष्टीचं काम आहे.

गोष्ट मी सुरू केली. मीच बसवली, मीच प्रत्येक नव्या गाइडला शब्द न् शब्द शिकवली. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं.

आणि तू उभा राहून ऐकलीस. वीस परक्या माणसांमध्ये स्वतःचीच गोष्ट ऐकलीस, 'चांगली सांगतेस' म्हणालास आणि जेवायला गेलास! तुला राग येत नाही का रे? लहानपणी तुझा पतंग मी फाडला तर तू तीन दिवस बोलला नव्हतास. तो मुलगा कुठे गेला? अमेरिकेत राग करायलाही बंदी आहे का?

तिथेच ओरडायचं होतंस. 'खोटं आहे' म्हणायचं होतंस.

म्हणजे खोटं आहे असं मी म्हणत नाही. चौकशीत तेच ठरलं आहे. कागदावर आहे.

इदालिया


फुर्नश, रविवार, ६ मे

बेल्मीरू,

काल माझ्याकडे चौदा माणसं होती, बहुतेक हॉलंडची. मी आता आठवड्यातून दोनच सहली घेते, गुडघे ऐकत नाहीत. सकाळ चांगली गेली. आगीचं तळं चक्क दिसलं, निळं, तळापर्यंत. खाली वाफेच्या पट्ट्याशी आल्यावर मी दोरीजवळ उभी राहिले, सगळे गोळा झाले, आणि मी सुरुवात केली, "एकदा एक गाइड..."

पुढचं वाक्य आलं नाही.

मी विसरले नव्हते. ती गोष्ट मी झोपेतसुद्धा सांगेन. वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मग काय झालं?"

"मग काही नाही. माझ्या पावलावर पाऊल ठेवून चला."

ड्रायव्हरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये शीळ घातली.

दुपारी घरी आले तर आईने टोप आणि फडकं पुढ्यात घेतलेलं. "बस. बांध." मी बांधलं. तिने बोटांनी गाठ पाहिली आणि हसली. "तू भूशास्त्र शिकलीस कोइंब्राला, खडकांची नावं तुला पाठ, आणि एक गाठ येत नाही. जसिंतूने तुला किती वेळा शिकवली?"

"चाळीस वेळा तरी."

"आणि बेल्मीरूला?"

"एकदा."

"त्याच्यानंतर तळ्यावरची दोरी कोण बांधायचं गं?" तिने सहज विचारलं, गाठ चाचपता चाचपता. मी म्हटलं, "मला आठवत नाही, तिबुर्सियू असेल." दोरी कापायला मला चाकू आणून द्यावा लागला.

तू उत्तर पाठवत नाहीस, म्हणून मी लिहीत बसते. तुझी हीच युक्ती आहे. गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलायला लावायचं. ठीक आहे, बोलते. एक गोष्ट तुला माहीत नाही.

बाबांना भाजलं त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, २३ मे १९९६ ला, मी सळई घेऊन तळ्याकाठी गेले होते. बाबांनी सांगितलं होतं, सणाची गर्दी यायची आहे, जमीन पाहून ये. तुला ती तऱ्हा माहीत आहेच. सळई कोपरापर्यंत रोवायची, तीस मोजायचे, बाहेर काढून मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची. सोसली तर जमीन ठीक. दोरीच्या आत गंधकाचा पिवळा थर होता, तो तर नेहमीचाच. पण दोरीच्या बाहेर, तीन-चार पावलांवर, गवत वाळायला लागलं होतं आणि मातीला पांढरट झाक आली होती. जमिनीवरची साय पातळ झाली की अशीच दिसते. मी तिथे सळई रोवली.

सोसली नाही.

पण जमीन रोज वर-खाली होते. गुरुवारची गरम जागा रविवारी थंड झालेली मी दहा वेळा पाहिली आहे. याचा अर्थ लगेच काढू नकोस.

इदालिया


फुर्नश, शनिवार, १२ मे

बेल्मीरू,

तुझं कार्ड आलं. पुलाचं चित्र छान आहे. पाठीमागे तुझ्या तीन ओळी:

'ताई, टोप फार छान झाला होता. सफरचंद नेमकं माझ्याच ताटात आलं. आईला सांग, मी आशीर्वाद मागितला आहे. जुनं काही उकरू नकोस, तुलाच त्रास होईल.'

तुलाच त्रास होईल!

मी हे कार्ड वाचून स्वयंपाकघरातली मोठी पळी भिंतीवर फेकली. आईने आतून विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, "पळी." ती म्हणाली, "पळी एवढ्या जोरात पडत नाही."

तुला माहीत आहे. म्हणजे कायमच माहीत होतं. माझ्या मनात ते होतंच, पण कार्ड येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत नव्हते. आता काही झाकून उपयोग नाही. सगळं लिहिते, आणि हे पत्र जपून ठेव, फाडू नकोस. तुझ्या चांगुलपणाला आता माझ्याकडून मुभा नाही.

त्या गुरुवारी सळई सोसली नाही तेव्हाच दोरी चार पावलं बाहेर घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. दोरी सरकली असती तर नऊ नंबरच्या खड्ड्यापाशी उभं राहायला जागा उरली नसती. त्या वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाचं यजमानपण आपल्या घरी होतं. यजमानाच्या घरी ठेवायचा सणाचा मुकुट आपल्या ओसरीत होता, पूर्ण गल्ली जेवायला यायची होती, आणि सणाचा टोप नऊ नंबरमध्ये लागायचा होता, आईचा, आजीचा, तिच्याही आईचा खड्डा. मी ठरवलं, सोमवारी सरकवू. बाबांना घरी येऊन म्हटलं, "जमीन ठीक आहे." त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "शिकलेय ना मी."

रविवारी तू तुझ्या जर्मन लोकांना दोरीपर्यंत नेलंस. दोरीच्या बाहेर. जिथे उभं राहायला परवानगी होती, बरोबर तिथे. तू एक पाऊलही आत टाकलं नाहीस. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय: बेल्मीरूने दोरी ओलांडली नाही.

जमीन तिथेच खचून भोक पडलं. तू बाबांबरोबर पोंता देल्गादाच्या दवाखान्यात गेलास आणि दुसऱ्या सकाळी परतलास. मी मागे राहिले, माणसांना हटवलं, आणि संध्याकाळी सहा वाजता, लख्ख उजेडात, तीन खुंट्या उपटून चार पावलं बाहेर रोवल्या आणि दोरी बांधली. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की आणखी कोणी पडू नये. हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी चौकशीचा माणूस आला. बाहेरचा होता, त्याला काय माहीत. त्याने फीत धरली, दोरीपासून भोकापर्यंत मोजलं आणि म्हणाला, "म्हणजे गाइडने माणसं आत नेली." मी तिथे उभी होते आणि तोंड उघडलं नाही. हेही खरं आहे.

तू म्हणालास, "दोरी इथे नव्हती." मग तू खुंटीपाशी गेलास. खाली वाकलास. दोरीवर बाबांची गाठ नव्हती, माझी होती, ती बोजड, चाकू लागणारी. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलेल. मी तयार होते, देवाशपथ. आणि तू त्या माणसाला म्हणालास, "बरोबर आहे. माझंच चुकलं."

का?

कोणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं? तू त्या दिवशी एक वाक्य बोलला असतास तर मला शिक्षा झाली असती, नाचक्की झाली असती, दोन वर्षं गावाने बोट दाखवलं असतं आणि संपलं असतं. तू मला ते मिळू दिलं नाहीस. तू माझा गुन्हा उचलून अमेरिकेत घेऊन गेलास आणि इथे माझ्या वाट्याला रोज सकाळी ती दोरी ठेवलीस. तिच्यापाशी उभं राहून खोटं सांगायची नोकरी ठेवलीस. मी ती चोख केली. किती हजार माणसांना सांगितलं असेल, हिशेब नाही.

मातीच्या दिवशी मी तुला हाकललं ते बाबांसाठी नव्हतं. तू घरात राहिला असतास तर मला रोज तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. बस, एवढंच कारण.

आणि आता लिहितोस, तुलाच त्रास होईल. होऊ दे! माझा आहे तो.

आईला मी सांगणार आहे. तिला दिसतंय तोवर. माझं तोंड बघून तिने ऐकलं पाहिजे.

इदालिया


फुर्नश, मंगळवार, २२ मे

बेल्मीरू,

आईला गुरुवारी सांगितलं. दुपारी, ओसरीत, तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला खुर्ची ओढून. सळई, दोरी, खुंट्या, चौकशी, गाठ. मी संपवलं तेव्हा तिने विचारलं, "सळई किती तापली होती?"

"मनगटाला टेकवता आली नाही."

"आणि रविवारी माझा टोप तिथे पुरू दिलास."

"सण होता, आई. यजमानपण आपलं होतं. नऊ नंबर..."

"टोप मी चुलीवर शिजवला असता," आई म्हणाली.

बेल्मीरू, बावीस वर्षं मी स्वतःला शंभर कारणं दिली आणि शंभर उत्तरं दिली. हे वाक्य त्यात नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मग ती म्हणाली, "आत जा. मला तुझा आवाज नको आहे." शुक्रवारी नाही बोलली. शनिवारी मांस आणलं तर म्हणाली, परत कर. रविवारी सण होता आणि तिने टोप लावला नाही. बावीस वर्षांत, बाबा गेले त्या महिन्यातसुद्धा, तिने रविवार चुकवला नव्हता. शेजारच्या बाई सणाचं सूप घेऊन आल्या तर त्यांच्या हातचं प्याली. माझ्या हातचा पावाचा तुकडाही घेतला नाही. मी भांडले नाही. मला भांडायचं होतं, खोटं कशाला सांगू.

काल सकाळी मी तळ्यावर गेले. वान्दा होती, आणखी दोघं गाइड होते, तिबुर्सियू खड्ड्यांवर माती ओढत होता. सहलींच्या व्हॅन यायच्या होत्या. मी सगळ्यांना दोरीपाशी बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांची गोष्ट होती ती!

वान्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रडू नकोस, तुझी माणसं येतील. गोष्ट सांगायची बंद करू नका, कामाची आहे. पण अशी सांगा, जशी झाली."

"आणि कोणी नाव विचारलं तर, दोना इदालिया?"

"माझं सांग."

तिबुर्सियूने फावडं टेकवलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दोरी सरकवलेली. नऊ नंबरला उभं राहायला जागा नव्हती दुसऱ्या दिवशी, मला कळणार नाही? आणि ती तुझी गाठ, इदालिया. जमीन निवल्यावर दोरी मागे घेताना मी कापली होती, अर्धा तास लागला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कोइंब्राला शिकलेली. मला वाटलं, तुझ्याकडे काहीतरी कारण असेल."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं? आता बाजूला हो, मला सात नंबर काढायचा आहे."

चौकशीच्या कचेरीला मी लिहून कळवलं आहे, सही करून. ते काय करतील ते करोत. नक्कल या पत्रासोबत आहे. तुझ्या घरात सगळ्यांना वाचून दाखव. तुझ्या बायकोला, मुलींना, तुमच्या चर्चमधल्या ज्या लोकांना तू काही सांगितलं नसशील त्यांनाही. ही विनंती नाही.

दुपारी घरी आले तेव्हा आई ओसरीत होती. पाऊल ओळखून म्हणाली, "सांगून आलीस?"

"हो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग त्याला पत्र लिही. म्हणावं, तो येईल त्या दिवशी मी टोप लावीन. त्याआधी नाही."

"आणि मी तोवर काय खाऊ?"

"चुलीवर शिजव," ती म्हणाली. ती हसली नव्हती. पण मी रात्रीसाठी बटाटे उकडले तेव्हा त्यातला एक तिने खाल्ला.

तेव्हा आता नीट वाच. बॉस्टनहून विमान येतं, जहाजाची गरज नाही. चोवीस जूनला रविवार आहे. विमानतळावर मी येणार नाही, तिथे रडणारे लोक फार असतात. कोणत्याही सहलीत नाव घालू नकोस. भाड्याची गाडी घे आणि सरळ आपल्या दारात ये, ओसरीच्या बाजूने, उजेडात, बारा वाजण्याआधी. आईला घेऊन तळ्यावर चल. तिला नऊ नंबर उघडताना बघायचा आहे.

मी तिथे असेन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बोलायचं असेल तर ओरडून बोल. पण 'जाऊ दे, ताई' असं म्हणालास तर तुला तळ्यात ढकलीन, आणि ते तळं थंड आहे.

फडकं मी बांधणार आहे. मला येते तीच गाठ. आईने चाकू न्यायला मनाई केली आहे. ती तुला हातांनीच सोडवावी लागेल आणि वेळ लागेल. आई म्हणते, लागू दे, तेवढा वेळ तिला तुझ्याकडे बघता येईल.

इदालिया